वाचक विचारतात : चिनी दफनभूमी आणि बदलते अंत्यविधी

मागील अंकातील सिंगापूरविषयीच्या लेखात तेथील एका जुन्या चिनी दफनभूमीतून रस्ता काढल्याचा ओझरता उल्लेख होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. पूर्वजांना इतके मानणारा समाज त्यांची थडगी उकरू कशी देतो, हे कोडे बहुतेकांना पडलेले दिसते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांबलेले प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : चिनी लोक परंपरेने दफन करणारे, असे आम्ही वाचत आलो. आता मात्र चीनमध्ये दहन सक्तीचे आहे असे ऐकतो. हा बदल धर्मसुधारणेतून आला की सरकारी हुकमाने? (पुणे)

उत्तर : सरकारी हुकमाने. तरीही दहन हे चीनला अगदीच परके होते असे समजू नये. बौद्ध भिक्षूंचे दहन पूर्वापार होत असे आणि सोंग राजवटीत (960 ते 1279) ते सामान्य लोकांतही बरेच रूढ झाले होते. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विद्वानांना ते कधीच रुचले नाही. शरीर, केस आणि कातडी ही आईवडिलांची देणगी असून तिला इजा होऊ न देणे हे अपत्याचे पहिले कर्तव्य होय, अशी त्यांची शिकवण. मग बापाचा देह मुलानेच अग्नीला द्यावा हे त्यांना कसे मानवणार? मिंग राजवटीच्या प्रारंभीच, 1370 मध्ये, दहनावर बंदी आली, नंतरच्या छिंग राजवटीने ती चालू ठेवली आणि विसावे शतक उजाडेपर्यंत चीन पक्का दफन करणारा देश झाला. माणूस मातीत गेला म्हणजे निवांत झाला, अशा अर्थाची म्हण तिकडे आजही लोकांच्या तोंडी आहे. खेड्यांतील वृद्ध स्वतःची शवपेटी हयातीतच करून घेत, ती घरातल्या एखाद्या खोलीत ठेवत आणि वेळोवेळी तिच्यावर रोगणाचा हात फिरवत. आपल्याला हे अभद्र वाटेल. त्यांच्या दृष्टीने चांगल्या लाकडाची पेटी तयार असणे म्हणजे म्हातारपणाची सोय झाली आणि मुलेही कर्तव्याला जागली, असे होते.

27 एप्रिल 1956 रोजी माओ त्से तुंग आणि इतर वरिष्ठ नेत्यांनी, एकूण दीडशेच्या आसपास, आपल्या मृत्यूनंतर दहन करावे अशा आशयाच्या पत्रकावर सह्या केल्या. शेतजमीन वाचते, इमारती लाकूड वाचते आणि खर्चिक विधींना आळा बसतो, ही त्यामागची कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. उत्तर चीनच्या मैदानात गव्हाच्या शेतांमधोमध मातीचे उंचवटे दिसतात ते त्या त्या घराण्याच्या पूर्वजांचे. प्रत्येक पिढीगणिक त्यांत भर पडते आणि नांगर त्यांना वळसा घालून जातो. पुढे 1985 मध्ये तात्पुरते नियम आणि 1997 मध्ये अंत्यविधी-व्यवस्थापनाची सविस्तर नियमावली आली. दाट लोकवस्तीच्या, शेतजमीन कमी असलेल्या भागांत दहन आणि जिथे दहनाची सोय शक्य नाही तिथे दफन, अशी विभागणी तीत आहे. हुई, उइगुर, कझाक आदी मुस्लिम समाजांना दफनाची मुभा आहे आणि तिबेटी लोकांचा गिधाडांना देह अर्पण करण्याचा विधीही चालू आहे. तेव्हा 'चीनमध्ये सरसकट सक्ती' हे विधान बरोबर नाही. देशात वर्षाला एक कोटीच्या आसपास मृत्यू होतात आणि त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक देहांचेच दहन होते.

खरी गोष्ट पुढेच आहे. दहन झाले म्हणून जमीन वाचली, असे अनेक खेड्यांत घडलेच नाही. कुटुंबाने दहनगृहातून रक्षा घेतली, ती पूर्ण लांबीच्या शवपेटीत ठेवली आणि पेटी पूर्वीसारख्याच मोठ्या थडग्यात पुरली. शासनाच्या दफ्तरी दहन नोंदले गेले, कुटुंबाच्या लेखी दफन झाले. दोन्ही खर्च मात्र त्या कुटुंबाच्याच अंगावर पडले.

शासनाने जिथे हट्टाला पेटून थेट थडग्यावर वा शवपेटीवर हात घातला, तिथे प्रकरण चिघळले. 2012 मध्ये हनान प्रांतातील झोउखोउ परिसरात शेतजमीन मोकळी करण्याच्या मोहिमेत वीस लाखांहून अधिक थडगी सपाट करण्यात आली. त्यावर देशभर टीका झाली, विद्वानांनी उघड पत्रे लिहिली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने नियमावलीच्या विसाव्या कलमातून बळजबरीने अंमल करण्याची तरतूद काढून टाकली. पुढच्या नववर्षाला गावी परतलेल्या लोकांनी बऱ्याच ठिकाणी मातीचे ढीग पुन्हा रचले. आन्हुई प्रांतातील आंछिंग येथे 1 जून 2014 पासून दहन बंधनकारक होणार होते; त्याआधी घरोघरच्या शवपेट्या गोळा करून तोडल्या गेल्या, आणि मुदत संपण्यापूर्वीच मरण आलेले बरे म्हणून काही वृद्धांनी जीव दिल्याच्या बातम्या चिनी वृत्तपत्रांतच छापून आल्या. स्थानिक अधिकाऱ्यांनी हा संबंध नाकारला. त्याच वर्षी क्वांगतुंग प्रांतातील दोन अधिकारी पकडले गेले, ते दहनाचा ठरवून दिलेला कोटा भरण्यासाठी शेजारच्या प्रांतातून चोरलेली प्रेते विकत घेतल्याच्या आरोपावरून. अंत्यविधीला कोटा लावल्यावर याहून वेगळे काय होणार? 2018 मध्ये च्यांगशी प्रांतात शवपेट्या जप्त करून फोडण्याचा प्रकार पुन्हा झालाच. आंछिंगपासून कोणी काही शिकले असावे असे त्यावरून दिसत नाही.

प्रश्न : माओंनी दहनाच्या पत्रकावर सही केली असेल, तर त्यांचा देह पेइचिंगमध्ये जतन करून का ठेवला आहे? (परभणी)

उत्तर : कारण सप्टेंबर 1976 मध्ये ते वारल्यावर निर्णय त्यांचा राहिला नव्हता. उत्तराधिकाऱ्यांना जतन केलेला देह अधिक उपयोगी वाटला आणि वर्षभरात तिएनआनमेन चौकात स्मारकगृह उभे राहिले. चौ एन लाय यांची रक्षा त्याच वर्षी जानेवारीत विमानातून विखुरण्यात आली होती आणि डेंग शियाओपिंग यांची 2 मार्च 1997 रोजी समुद्रात सोडण्यात आली. या दोघांनी सही पाळली, असे म्हणता येईल.

प्रश्न : मुलाकडे सिंगापूरला गेले असता बुकित ब्राऊन येथे झाडीत दडलेली थडगी पाहिली. काही थडग्यांपुढे पगडीधारी, बंदूक घेतलेले शीख पहारेकरी दगडात कोरलेले होते! चिनी थडग्यांवर शीख कसे? आणि अशा जागेतून रस्ता काढायला लोकांनी मान्यता कशी दिली? (ठाणे)

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. ब्रिटिशांच्या काळात सिंगापुरात शीख पोलीस आणि पहारेकरी मोठ्या संख्येने होते. बँकांच्या, गोदामांच्या आणि श्रीमंतांच्या बंगल्यांच्या दारांवर तेच उभे असत. दाराशी शीख पहारेकरी असणे ही सुरक्षिततेची आणि प्रतिष्ठेची खूण ठरली होती. ज्या चिनी व्यापाऱ्याच्या दारात हयातीत असा पहारेकरी होता, त्याच्या मुलांनी परलोकातल्या दारावरही तो उभा केला. पुष्कळ जोड्यांतले पहारेकरी रंगवलेलेही आहेत. पारंपरिक चिनी थडग्यापुढे सिंह असतात. इथे सिंह आणि शीख शेजारी शेजारी नांदतात.

बुकित ब्राऊन ही टेकडी जॉर्ज हेन्री ब्राऊन या ब्रिटिश व्यापाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. ओंग आडनावाच्या फूकियन (चीनच्या फूकियन प्रांतातून आलेल्या) घराण्यांनी ती आपल्या भाऊबंदांच्या दफनासाठी घेतली होती. नंतर नगरपालिकेने ती संपादित केली आणि 1922 च्या आरंभी कोणत्याही घराण्याच्या, कोणत्याही पोटभाषेच्या चिनी माणसासाठी खुली केली. तोपर्यंत फूकियन, तेओच्यू, कँटोनी अशा प्रत्येक गटाची दफनभूमी वेगळी असे. त्यामुळे ही सोय त्या समाजातील एक मोठाच बदल होता. 1973 मध्ये दफने बंद झाली तेव्हा येथे सुमारे एक लाख थडगी होती. त्यांतले सर्वांत मोठे ओंग सॅम लिओंग या व्यापाऱ्याचे. त्यावर मातृपितृभक्तीच्या चोवीस पारंपरिक कथा कोरलेल्या आहेत. वर्षानुवर्षे ते रानात गडप होऊन गेले होते आणि 2006 मध्ये पुन्हा उजेडात आले.

थडग्याची रचना पाहण्यासारखी असते. पाठीशी चढ, पुढे उतार आणि शक्यतो पाणी, अशी जागा वास्तुविद्येच्या जाणकाराकडून निवडून घेत. मातीच्या उंचवट्याभोवती घोड्याच्या नालाच्या आकाराची कठड्यासारखी भिंत बांधत, म्हणजे डोंगरावरून येणारे पाणी दोन्ही बाजूंनी वळून जाई. मृताला आरामखुर्चीत टेकून बसवल्याचा भास होतो. बाजूला एक छोटी शिळा असते, ती त्या जागेच्या भूमिदेवतेची. मृताला नैवेद्य दाखवण्याआधी तिला दाखवावा लागतो, जसे आपल्याकडे क्षेत्रपालाला आधी मान द्यावा लागतो. मुख्य शिळेवर मृताचे नाव, मुलांची नावे आणि चीनमधील मूळ गावाचे नाव असते. हे गावाचे नाव महत्त्वाचे आहे. ज्या नातवाने चीन कधी पाहिला नाही त्याला आपले मूळ गाव कोणते ते त्या शिळेवरूनच कळते. पती किंवा पत्नी हयात असेल तर तिचे वा त्याचे नावही आधीच कोरून तांबड्या रंगाने भरून ठेवतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मान्यता मागितली गेली नव्हती. सप्टेंबर 2011 मध्ये रस्त्याची घोषणा झाली. इतिहासप्रेमी, निसर्गप्रेमी आणि वंशज एकत्र आले, स्वयंसेवकांनी दर आठवड्याला लोकांना थडगी दाखवण्याचा उपक्रम चालवला, धोक्यातल्या वारसास्थळांच्या 2014 च्या जागतिक स्मारक-निरीक्षण यादीतही या जागेचे नाव आले. रस्ता थांबला नाही. एका ठिकाणी प्राण्यांना खालून ये-जा करता यावी म्हणून रस्ता ओढ्यावरून पुलावर नेण्यात आला, बाधित थडग्यांची संख्या सुरुवातीच्या अंदाजाहून कमी होऊन 3,700 च्या घरात आली, आणि उकरण्यापूर्वी प्रत्येक थडग्याची मोजमापे, छायाचित्रे व शिलालेख नोंदवण्यात आले. या रस्त्याचा, म्हणजे लॉर्नी महामार्गाचा, काही भाग 2018 मध्ये आणि उरलेला 2019 मध्ये खुला झाला.

सिंगापूरला याची सवय आहे, असे म्हटले तर ते निष्ठुरपणाचे वाटेल. पण वस्तुस्थिती तशी आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे 735 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे धरून होते त्याहून काहीसे मोठे. बिशान ही आजची गजबजलेली वसाहत पेक सान थेंग या कँटोनी-हाक्का दफनभूमीच्या जागेवर आहे आणि ऑर्चर्ड रोडवरील एका प्रसिद्ध व्यापारी संकुलाच्या जागी पूर्वी तेओच्यू लोकांची दफनभूमी होती. दफनासाठी आता चोआ चू कांग हे एकच ठिकाण खुले आहे आणि 1998 पासून तिथेही मुदत पंधरा वर्षांची आहे. मुदत संपल्यावर मुस्लिमांसारख्या ज्या समाजांत दफन धर्माने आवश्यक आहे त्यांचे अवशेष लहान, सामाईक जागेत पुन्हा पुरतात. इतरांचे दहन होते.

लोकांनी हे सोसले, त्याचे कारण थडगे उकरताना मृताला वाऱ्यावर सोडले गेले नाही, असे माझे मत आहे. दिवस ठरवून कुटुंबाला बोलावले जाते. पुरोहित किंवा घरातील वडीलधारे आधी भूमिदेवतेची, मग पूर्वजांची परवानगी मागतात. खणणारे लोक अनुभवी असतात. ते लाकडाचे कुजके तुकडे बाजूला करून एकेक हाड काढतात, आणि घरचे कोणीतरी वर छत्री धरते, कारण हाडांवर ऊन पडू नये असा संकेत आहे. त्यानंतर दहन होते आणि रक्षा अस्थिगृहातील कोनाड्यात ठेवतात. त्या कोनाड्याच्या झाकणावर पुन्हा तेच नाव, तेच मूळ गाव आणि छायाचित्र असते. पेक सान थेंगची दफनभूमी गेली, पण त्याच नावाचे अस्थिगृह बिशानमध्येच उभे आहे आणि वंशज तिथे जातात. मृताचे नाव आणि त्याला भेटायला जाण्याचे ठिकाण शाबूत राहिले तर चिनी कुटुंब दहनही पत्करते आणि स्थलांतरही पत्करते. झोउखोउमध्ये नेमके तेच पुसले गेले. सिंगापुरात ज्यांच्यासाठी कोणीच पुढे आले नाही त्यांची रक्षा काही काळ सांभाळून नंतर समुद्रात सोडली जाते. सर्वांत जास्त वाईट वाटते ते यांच्याविषयी.

प्रश्न : हाँगकाँगमध्ये पुरलेला देह सहा वर्षांनी उकरून काढावा लागतो, हे खरे का? हे अमानुष नाही काय? (रत्नागिरी)

उत्तर : सार्वजनिक दफनभूमींपुरते खरे आहे. सहा वर्षांनी अवशेष काढून त्यांचे दहन करावे लागते किंवा हाडे घटात भरून दुसरीकडे ठेवावी लागतात. अमानुष म्हणण्याआधी दक्षिण चीनची जुनी रीत लक्षात घ्यावी. तिथे पहिले दफन हे मुळात तात्पुरतेच मानत. पाच-सात किंवा अधिक वर्षांनी, मांस मातीत मिसळले की, हाडे काढायची, स्वच्छ करून वाळवायची आणि मातीच्या उंच घटात पायांपासून कवटीपर्यंत क्रमाने अशी रचायची की माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखा राहील. मग शुभ जागा सापडली की घट कायमचा पुरायचा. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज या ग्रामीण भागातील डोंगरउतारांवर असे घट रांगेने ठेवलेले दिसतात. सरकारी नियमाने या रीतीलाच मुदत लावली, इतकेच.

आज हाँगकाँगमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांचे दहन होते आणि त्यामुळे टंचाई झाली ती थडग्यांची नव्हे, तर अस्थिगृहातल्या कोनाड्यांची. एक-दीड हाताचा कोनाडा मिळण्यासाठी कुटुंबे वर्षानुवर्षे थांबत, तोपर्यंत रक्षेचा कलश अंत्यविधी करणाऱ्या दुकानात भाड्याने ठेवत. या टंचाईतून कारखान्यांच्या इमारतींत आणि लहान मंदिरांत बेकायदा अस्थिगृहे निघाली, आणि त्यांना परवाना घ्यायला लावणारा कायदा 2017 मध्ये लागू झाला. सरकारी नवे कोनाडे आता वीस वर्षांसाठी मिळतात, पुढे दहा-दहा वर्षांनी मुदत वाढवून घ्यावी लागते. चीनच्या मुख्य भूमीवरही थडग्याची जागा विकत मिळते असे लोक म्हणतात, पण देखभालीचे शुल्क साधारण वीस वर्षांचे भरलेले असते आणि नंतर ते पुन्हा भरावे लागते. शांघायमधील भाव असे आहेत की बरीच कुटुंबे शेजारच्या सूचोऊ शहरात जागा घेतात. चौरस मीटरच्या हिशेबाने थडगे घरापेक्षा महाग पडते, ही तिथल्या मध्यमवर्गाची नेहमीची तक्रार आहे.

प्रश्न : छिंगमिंग म्हणजे चिनी पितृपक्षच म्हणायचा का? कागदी घरे आणि मोबाइल जाळण्यामागे काय कल्पना आहे? (कोल्हापूर, नागपूर)

उत्तर : साम्य आहे, पण ते ओढूनताणून लावू नये. आपल्याकडे पितरांना घरी बोलावून जेवू घालतात. छिंगमिंगला, म्हणजे 4 किंवा 5 एप्रिलला, घरचे लोक थडग्याकडे जातात. गवत काढतात, झाडलोट करतात, शिळेवरची पुसट झालेली अक्षरे कुंचल्याने पुन्हा रंगवतात, वर दगडाखाली कागद दाबून ठेवतात, म्हणजे येथे कोणी येऊन गेले हे दिसते. नैवेद्यात फळे, चहा, मद्य, कोंबडी आणि दक्षिणेत सबंध भाजलेले डुकराचे पिल्लू असते. उदबत्त्या विझत आल्या की तेच सर्व जण तिथे बसून खातात. मुले थडग्यांमधून पळत असतात. सुतकी वातावरण फारसे नसते. 2008 पासून चीनमध्ये या दिवसाची सार्वजनिक सुट्टी आहे. पितृपक्षाच्या अधिक जवळचा काळ म्हणजे चिनी सातवा महिना. तेव्हा मृतात्मे स्वतः बाहेर पडतात, अशी समजूत आहे.

कागदी वस्तूंमागची कल्पना सरळ आहे: परलोकातही व्यवहार चालतो, तिथे गरजा असतात आणि येथे जाळलेले तिथे पोहोचते. पूर्वी नोटा आणि घोडे जाळत, आता मोटारी, वातानुकूलन यंत्रे आणि चार्जरसह मोबाइल. 2016 मध्ये गुची कंपनीने आपल्या पर्सेसच्या कागदी नकला विकणाऱ्या हाँगकाँगमधील दुकानांना पत्रे पाठवली आणि एवढा गदारोळ झाला की कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. धूर आणि वणवे यांमुळे चीनमधील अनेक शहरांनी कागद जाळण्यावर बंदी घातली असून त्याऐवजी शेवंतीची फुले वाहावीत असे आवाहन केले जाते. 2020 च्या महामारीत दफनभूमी बंद होत्या तेव्हा संगणकावरून अभिवादन करण्याच्या सोयी चालल्या, आणि पैसे घेऊन दुसऱ्याचे थडगे झाडून देणारे लोकही आहेत. ज्येष्ठ चिनी मंडळींना हा प्रकार फारसा पसंत नाही, आणि त्यांच्याशी मी सहमत आहे: झाडलोट हा कामाचा भाग नसून भेटीचा भाग आहे.

प्रश्न : परदेशात वारलेल्या चिनी माणसांच्या अस्थी जहाजाने मायदेशी पाठवत, असे येथे ऐकले. त्याची काही माहिती मिळेल का? (वेलिंग्टन, न्यूझीलंड)

उत्तर : तुमच्याच शहराच्या बंदरातून निघालेल्या जहाजाची ही हकिकत आहे. ओटागोच्या सोन्याच्या खाणींत राबायला क्वांगतुंगमधून आलेल्या पुरुषांची एकच इच्छा असे, की हाडे तरी गावी जावीत. त्यासाठी वर्गणी काढणारी मंडळे होती. अशाच एका मंडळाने देशभरच्या स्मशानांतून 499 जणांचे अवशेष काढून व्हेंटनर या जहाजावर चढवले. 26 ऑक्टोबर 1902 रोजी ते वेलिंग्टनहून निघाले, तारानाकीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटले आणि दोन दिवसांनी होकिआंगा खाडीच्या मुखासमोर बुडाले. या कामात पुढाकार घेणारे चोई स्यू होय हे आदल्या वर्षी वारले होते. त्यांचा देहही त्याच जहाजावर होता. किनाऱ्याला लागलेली हाडे ते रोरोआ आणि ते रारावा या माओरी जमातींनी गोळा करून आपल्या पूर्वजांच्या जवळ पुरली आणि ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली. अलीकडे वंशजांना हे कळले, तेव्हा ते छिंगमिंगच्या सुमारास तिथे जाऊन अभिवादन करू लागले.

अशा जहाजांचे मुख्य ठाणे हाँगकाँग. तिथल्या तुंग वा रुग्णालय-संस्थेने 1899 मध्ये उभारलेल्या शवपेटीगृहात जगभरातून आलेल्या पेट्या आणि अस्थिघट उतरत आणि मग गावोगाव रवाना होत. 1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यानंतर ही वाहतूक जवळजवळ थांबली. परदेशी चिनी माणसे राहत्या देशातच कायमची जागा शोधू लागली, ती तेव्हापासून.

प्रश्न : मुंबईत चिनी दफनभूमी आहे का? (डोंबिवली)

उत्तर : आहे, अँटॉप हिलला. गोदीच्या आणि जहाजांच्या आश्रयाने आलेल्या कँटोनी लोकांची वस्ती मुंबईत होती. माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, 1919 चे सी यूप कून हे त्यांचे मंदिरही आहे. दंतवैद्य, केशकर्तनालये आणि उपाहारगृहे या व्यवसायांतून हा समाज मुंबईकरांच्या परिचयाचा होता. 1962 च्या युद्धानंतर पुष्कळ जण देश सोडून गेले. त्या वेळी ईशान्य भारतातून आणि बंगालमधून सुमारे तीन हजार चिनी-भारतीयांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवले होते. काही जण तिथेच वारले आणि शेवटचे लोक 1967 मध्ये सुटले. ज्यांची मुलेबाळे कॅनडाला गेली, त्यांच्या आईवडिलांच्या थडग्यांवर एप्रिलमध्ये गवत कोणी काढायचे, हा प्रश्न तेव्हापासून आहे.

भारतातील सर्वांत जुने चिनी थडगे कोलकात्याच्या दक्षिणेस, बजबजच्या पुढे हुगळीकाठी अचिपूर येथे आहे. टाँग अच्यू याला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तिथे जमीन मिळाली, त्याने साखरेचा कारखाना काढला आणि गावाला त्याचेच नाव पडले. नालाच्या आकाराचे, तांबड्या रंगाचे ते थडगे असून चिनी नववर्षानंतर कोलकात्याची चिनी कुटुंबे उदबत्त्या आणि नैवेद्य घेऊन तिथे जातात. कोलकात्यातील टांगरा या चिनी वस्तीच्या भागातही चिनी दफनभूमी आहेत.

प्रश्न : मुलगी शांघायमध्ये नोकरीला आहे. एका सहकारी स्त्रीने तिला छिंगमिंगला आजोबांच्या थडग्यावर सोबत येण्यास सांगितले आहे. जावे का, आणि काय पाळावे? (सांगली)

उत्तर : अवश्य जावे. हा घरच्यांचा दिवस असतो, तेव्हा बोलावणे आले याचा अर्थ तिला घरचे मानले आहे. कपडे साधे, फिक्या किंवा गडद रंगाचे असावेत, तांबडे टाळावे. पांढरी किंवा पिवळी शेवंती नेलेली चालते. थडग्याच्या उंचवट्यावर पाय देऊ नये, वाटेतील इतरांच्या थडग्यांवरून ओलांडून जाऊ नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत. घरचे तीनदा कमरेतून वाकून अभिवादन करतील, तेव्हा तिनेही करावे. उदबत्ती हातात दिली तर ती दोन्ही हातांनी धरावी. नैवेद्यात मांस असेल आणि ती खात नसेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले बरे. त्या हंगामात शांघायकडे हिरव्या रंगाचे, चिकट तांदळाच्या पिठाचे, आत गोड डाळीचे सारण भरलेले गोळे सर्वत्र मिळतात. ते मात्र तिने जरूर खावेत. सुट्टीच्या दिवसांत दफनभूमीकडे जाणाऱ्या बसगाड्यांना अतोनात गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर निघावे.